बारा तास उशिरा पाहिलेला तारा

सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत मी ‘हवामानवाल्या बाई’ म्हणून ओळखली जाते. चूक माझीच आहे. इथे राहायला आलो तेव्हा तळमजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, आपण काय करता? मी घाईत होते. ग्रहांच्या वातावरणाचा अभ्यास करते, असं म्हणाले आणि स्कूटर काढली. त्यातला ‘ग्रहांच्या’ हा शब्द जिन्यातच सांडला असावा. तेव्हापासून गच्चीवर पापड घालण्याआधी आणि मुंजीला मांडव उघडा ठेवावा का हे ठरवण्याआधी लोक मला विचारून जातात. मीही आता आभाळाकडे एकदा बघून काहीतरी सांगते. बरेचदा बरोबर येतं.

निवृत्त होऊन दीड वर्ष झालं. संपादकांनी कामाबद्दल लिहा म्हटलं, आणि वर, समजेल असं लिहा, अशी अट घातली. ही अट मला चौदा वर्षं कोणी ना कोणी घालत आलंय, तेव्हा सवय आहे.

काम एका वाक्यात सांगायचं तर असं : एक दुर्बीण अवकाशात पाठवायची आणि तिने दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांवरची हवा तपासायची. ती दुर्बीण बांधणारे वेगळे. मी आखणाऱ्यांपैकी. कोणत्या ताऱ्याकडे, कोणत्या मिनिटाला, किती वेळ बघायचं, हे ठरवणं माझ्याकडे होतं. ऐकायला रेल्वेच्या वेळापत्रकासारखं वाटतं आणि बरंचसं तसंच आहे. फरक एवढाच, की यातली गाडी कधीच उशिरा येत नाही. उशीर झाला तर तो प्रवाशाचा.

असा ग्रह दिसत नाही. दुर्बिणीतूनही दिसतो तो फक्त त्याचा तारा. पण ग्रह फिरत फिरत ताऱ्याच्या आणि आपल्या मधून गेला, की ताऱ्याचा उजेड काही तास किंचित कमी होतो. मोठा ग्रह असला तर शंभरात एक भाग. एवढ्यावरून कळतं, की तिथे ग्रह आहे. आता त्या ग्रहाला हवा असेल, तर त्याच्या कडेने उजेडाचा एक बारीक पदर त्या हवेतून गाळून येतो. कोणते रंग गाळले गेले ते पाहिलं, की हवेत वाफ आहे का, मिथेन आहे का, हे सांगता येतं. मात्र हा पदर त्या शंभराव्या भागाचाही आणखी एक अगदी छोटा भाग असतो. सुरुवातीला हे आकडे मी फळ्यावर लिहिले, तेव्हा माझा माझ्यावरच विश्वास बसला नव्हता. अजूनही पूर्ण बसलेला नाही. कुणाच्या तरी हवेतून गाळून आलेला उजेड वर्षानुवर्षं चालत यावा आणि पुण्यातल्या एका कॉम्प्युटरवर त्याचा आकडा उमटावा, याला आश्चर्य सोडून दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

हे सगळं आमच्या वर्कशॉपचे प्रमुख कोंढरे यांनी एका वाक्यात संपवलं होतं. कोंढरे कात्रजच्या पलीकडचे. त्यांचं गाव आता शहरात आलंय आणि त्यांच्या शेतात बारा मजली इमारती उभ्या आहेत. त्यांना मी पंधरा मिनिटं समजावलं. मग म्हणाले, “म्हंजी दिवस मावळताना बैल सूर्याच्या आड आला, की कडंचे केस चमकतात. बैल काळाच दिसतो, पर केस दिसतात. तुमाला ते केस मोजायचेत.”

पुढे परदेशी पाहुण्यांसमोरही मी हाच बैल उभा केला. सगळ्यांना लगेच कळायचं.

दरवर्षी एक दिवस आमची संशोधन संस्था सगळ्यांसाठी खुली असायची आणि त्या दिवशी पुणेकर आम्हाला तपासायला यायचे. एकदा एक गृहस्थ आमच्या चित्रांसमोर बराच वेळ उभे राहिले. मी मोठ्या उत्साहाने त्यांना सांगितलं, की असे हजारो ग्रह आता माहीत झालेत. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, बाई, आहेत त्या नऊ ग्रहांनी आमच्या घराची पुरेशी वाट लावली आहे, आपण आणखी शोधून नक्की काय साधणार आहात? तेच पुढे दर वर्षी यायचे आणि विचारायचे, गेली का दुर्बीण? नाही म्हटलं, की समाधानाने मान हलवायचे.

दुर्बीण जात नव्हती हे खरं होतं. कागदावरची दुर्बीण खऱ्या अर्थाने बांधायला घ्यायची, तर एका परीक्षण समितीची मंजुरी लागते. समितीच्या अध्यक्ष एक ज्येष्ठ प्राध्यापिका होत्या. कमी बोलणाऱ्या. दोन बैठकांत त्यांनी एकच शंका काढली होती. ग्रह दिसेल हो, त्या म्हणायच्या, पण हवेचा आकडा इतका लहान आहे, की तुमचा कॅमेरा स्वतःच जरा तापला, जरा हलला, तर तेवढाच फरक पडेल. मग तुम्ही ज्याला हवा म्हणाल ती ग्रहाची, की तुमच्या कॅमेऱ्याची?

शंका रास्त होती. आम्ही मग एक छोटा कॅमेरा बनवला आणि तो दुसऱ्या कोणाच्या तरी उपग्रहावर, उरलेल्या जागेत, वर पाठवला. त्याला एकाच तापमानात ठेवणारी पेटी कोंढऱ्यांनी केली होती. चकचकीत पातळ पत्र्याचे, कागदाहून पातळ, असे थरावर थर, आणि प्रत्येक थर हाताने शिवलेला. अगदी तशीच दुसरी पेटी त्यांनी खाली वर्कशॉपमध्ये ठेवली होती, वरच्या पेटीला काही झालं तर खाली तपासता यावं म्हणून. तिला ते जुळी म्हणायचे. दोन वर्षं ते तिच्याजवळ कोणाला चहाचा कप घेऊन फिरकू देत नसत.

उपग्रहाच्या मालकांनी आम्हाला समितीच्या बैठकीआधी एकदाच वेळ दिला. सलग आठ तास. ओळखीचा एक मोठा, गरम ग्रह निवडला, ज्याच्यामुळे ताऱ्याच्या उजेडातली घट ठसठशीत दिसते. तो ताऱ्यासमोरून जाताना, आमच्या भाषेत त्याचं ट्रान्झिट, आमच्या छोट्या कॅमेऱ्याने पाहिला, तर आमचं गणित आणि यंत्र दोन्ही खरं ठरणार होतं. नाही पाहिला, तर चौदा वर्षांचं काम कपाटात. मला निवृत्तीला सात महिने उरले होते.

वेळ काढायची आमच्याकडे एक शिस्त होती आणि ती मीच घालून दिली होती. दोघांनी दोन खोल्यांत बसून, एकमेकांचा कागद न पाहता वेळ काढायची. दोन्ही उत्तरं जुळली, की दोघांच्या सह्या, आणि मगच आज्ञा उपग्रहाकडे जाणार. या नियमावरून मी भल्याभल्यांना सुनावलं होतं. माझी जोडीदार होती मैत्रेयी, पीएचडी करून नुकतीच आलेली, हुशार. त्या आठवड्यात ती डेंग्यूने आडवी झाली. आज्ञा पाठवायची मुदत संपत आली होती. मी वेळ एकदा काढली, तीच पुन्हा तपासली आणि दोन्ही जागी मीच सही केली.

निरीक्षण झालं. सोमवारी आकडे आले. मैत्रेयी अशक्त होती तरी आली होती. आम्ही सगळे एका पडद्यासमोर उभे राहिलो. पडद्यावर एक रेघ उमटली. डावीकडून उजवीकडे, आठ तास, सरळ. दर फेरीत थोडा वेळ पृथ्वी आड येते तेव्हा रेघ तुटायची, पुन्हा तिथेच सुरू व्हायची. मधे कुठे खाली वाकलीच नाही. ग्रह नव्हता.

“कॅमेरा चालू तर आहे, मॅडम,” मैत्रेयी म्हणाली. “पृथ्वी आड आली की सिग्नल प्रॉपर झिरो होतोय. मग ट्रान्झिट गेलं कुठे?”

आमचे प्रकल्पप्रमुख करमरकर सर तिरकस बोलण्याबद्दल प्रसिद्ध होते. त्या दिवशी त्यांनीही नुसती रेघेची एक प्रत मागून घेतली. दुपारपर्यंत एक तर्क पुढे आला. पेटी हळूहळू तापली असणार, त्यामुळे ताऱ्याचा उजेड उतरला तेवढाच कॅमेऱ्याचा आकडा चढला असणार, म्हणून रेघ सरळ दिसते. म्हणजे अध्यक्षांची शंका खरी. म्हणजे दोष पेटीत. वेळेचा विषय कोणी काढला नाही, कारण वेळ मी काढली होती.

तीन दिवस कोंढरे प्रत्येकाच्या प्रश्नांना उत्तरं देत होते. शिवण कुठे सैल राहिली का, गोंद कोणता वापरला, वगैरे. ते एकच सांगत होते, की पेटी तापलेली नाही. कोणी त्यांना खोटं म्हणालं नाही, पण खरंही कोणी म्हणालं नाही. दुपारी ते डबा घेऊन आमच्यात बसायचे, ते वर्कशॉपमध्येच बसू लागले.

गुरुवारी संध्याकाळी मी घरी आले तेव्हा माझा नवरा सुहास साबुदाण्याचा डबा हातात घेऊन भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभा होता. त्याला उपवासात रस नाही, खिचडीत आहे. त्याने विचारलं, अगं, इथे दोन दिवस लागोपाठ एकादशी लिहिलीय, एक स्मार्त, एक भागवत. साबुदाणा आज भिजवू की उद्या? मी चप्पल काढता काढता त्याला सांगू लागले, की तिथी तीच असते, दिवस कधीपासून धरायचा यावर दोघांचं एकमत नाही, म्हणून एकाचा उपवास उद्या आणि दुसऱ्याचा परवा. एवढं बोलले आणि तिथेच खाली बसले.

याचं कारण सांगते. खगोलशास्त्रात तारखा महिने-वर्षांत लिहीत नाहीत. दिवसांची एक सलग मोजणी आहे, फार जुनी, तिचा आकडा पंचवीस लाखांच्या जवळ पोचलाय. जुन्या लोकांचं काम रात्रीचं असायचं, मधेच तारीख बदलायला नको, म्हणून या मोजणीतला दिवस दुपारी बाराला सुरू होतो. एवढा लांबलचक आकडा लिहायचा कंटाळा येतो, म्हणून पुढचे अंक गाळतात. गाळायच्या पद्धती दोन. एकीत दिवस दुपारीच सुरू राहतो. दुसरीत अर्धा दिवस वजा करून तो मध्यरात्रीवर आणलेला असतो. दोन्ही आकडे दिसायला सारखेच. आमची ताऱ्यांची यादी पहिल्या पद्धतीने लिहिलेली होती आणि उपग्रह दुसरी पद्धत समजत होता. दोघींनी स्वतंत्रपणे वेळ काढली असती, तर यादीची पद्धत एकीच्या तरी नजरेत आली असती आणि हा अर्धा दिवस लगेच उघडा पडला असता.

शुक्रवारी सकाळी संस्थेत जाऊन मी खात्री करून घेतली. दहा मिनिटं लागली. ग्रह अगदी वेळेवर आला होता, ताऱ्यासमोरून गेला होता, आणि आम्ही बारा तासांनी तिथे पोचलो होतो.

मी कागद हातात घेऊन बसले होते तेव्हाच कोंढरे दारात आले. हातात कात्री आणि चिमटा. म्हणाले, “मॅडम, सर म्हणत्यात जुळी उघडून बघा. उघडली की पुन्ना शिवता येत न्हाई. उघडू का?”

त्यांनी मलाच का विचारलं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. माझा शब्द ते मानायचे, एवढंच कारण असणार. मी म्हणायला हवं होतं, थांबा. कागद माझ्या हातात होता. मला दिसत होते ते निवृत्तीला उरलेले सात महिने, ज्यांना मी सुनावलं होतं ते सगळे चेहरे, आणि माझ्या दोन सह्या. मी म्हणाले, सर म्हणतात तर बघा. ते गेले.

दिवसभर मी खोलीतून बाहेर पडले नाही. संध्याकाळी वर्कशॉपवरून गेले तेव्हा टेबलावर पांढरं कापड अंथरून त्यावर ते चकचकीत थर एकाशेजारी एक मांडून ठेवलेले दिसले. कुठेही दोष नव्हता. कोंढरे हात धूत होते. मी न थांबता पुढे गेले. नोकरीत माझ्या हातून इतरही चुका झाल्या, पण लाज वाटावी अशी ही एक.

शनिवारी सकाळी मी करमरकर सरांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी रेघेचा कागद हातात घेतला. मग हळूच म्हणाले, आपण असं म्हणू शकतो, की ग्रह नसताना कॅमेरा कसा वागतो हे बघायचं म्हणून आपण मुद्दामच ही वेळ निवडली. वाक्य इतकं सुबक होतं, की मला क्षणभर पटलंच. मी म्हटलं, सर, मग कोंढऱ्यांनी पेटी का फाडली, हे समितीला आणि कोंढऱ्यांना काय सांगायचं? ते म्हणाले, बरोबर आहे, मग आपणच उभ्या राहा आणि आपणच सांगा. रागावले होते, पण चहा दिला.

तिथून मी कोंढऱ्यांना फोन केला. पेटीत काही दोष नव्हता, वेळ माझी चुकली, असं सांगितलं. ते म्हणाले, बरं. कधी कळलं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

सोमवारी समितीसमोर मी उभी राहिले. यादी कोणत्या पद्धतीची होती, उपग्रह काय समजला, दोन्ही सह्या कोणाच्या, सगळं सांगितलं. अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं.

“म्हणजे आठ तास तुम्ही अशा ताऱ्याकडे बघत होतात, जिथे त्या वेळी बघण्यासारखं काही नव्हतं?”

मी हो म्हणाले.

“आणि तुम्हाला काही दिसलं नाही?”

“नाही.”

त्यांनी हात पुढे केला. मी रेघेचा कागद दिला. त्यांनी पर्समधून प्लॅस्टिकची पट्टी काढली, शाळेतल्या मुलांची असते तसली, आणि ती रेघेवर ठेवली. एका टोकाला पाहिलं, दुसऱ्या टोकाला पाहिलं. मग कागद शेजारच्या सदस्याकडे सरकवला, त्याने पुढच्याकडे. कागद सगळ्या टेबलावरून फिरून परत आला.

“ग्रह दिसला असता, तर मी तीच शंका पुन्हा काढणार होते,” त्या म्हणाल्या. “घट दिसल्यावर त्यात कॅमेऱ्याचं किती, हे कोण सांगणार? इथे घटच नाही. जे आहे ते सगळं कॅमेऱ्याचं, आणि ते इतकं सरळ आहे. ही पेटी कोणी केली?”

कोंढरे मागच्या रांगेत बसले होते. उभे राहिले नाहीत, नुसता हात वर केला. अध्यक्षांनी मान लववली. तेवढीच, पण मी त्यांना दुसऱ्या कोणासाठी मान लववताना पाहिलं नव्हतं.

मंजुरी त्याच बैठकीत मिळाली, एका अटीसह : कोणीही, कितीही आजारी असलं, तरी दोन्ही सह्या एकाच हाताच्या असणार नाहीत. माझ्याच नियमावरून मला सुनावलं गेलं, ते योग्यच झालं. आणखी एक गोष्ट पुढे झाली. दुर्बिणीचं नवं वेळापत्रक मैत्रेयीने लिहिलं. त्यात प्रत्येक ग्रह पाहून झाला, की बारा तासांनी तोच तारा पुन्हा बघायचा, काहीही नसताना, असं ठरवलंय. कॅमेऱ्याची रेघ सरळ आहे ना, याची खात्री म्हणून. बारा तासच का, असं पुढे कोणी विचारलं, तर ती गप्प राहील अशी मला आशा आहे.

गेल्या महिन्यात मी कोंढऱ्यांच्या घरी गेले होते. तेही आता निवृत्त झालेत, पण दुर्बिणीची मोठी पेटी शिवायला त्यांना परत बोलावलंय. बैठकीच्या खोलीत, देवांच्या तसबिरींशेजारी, ती रेघ फ्रेम करून लावलेली होती. येणारे-जाणारे विचारतात, हे काय, तर ते सांगतात, यात काय बी न्हाई, आन् तेच दाखवायचं व्हतं. चहा आला. मला आता सांगणं भागच होतं. मी म्हटलं, कोंढरे, जुळी उघडायच्या दिवशी सकाळीच मला चूक कळली होती. मी बोलले नाही.

“ठावं हाय,” ते म्हणाले. “मी दारात आलो तसा तुमी कागद पालथा केला.” मग म्हणाले, “ताऱ्याला तुमी बारा तास उशीर केला, मॅडम. मला चोवीस.”

मी मान खाली घातली. ते रागाने बोलले नव्हते, एखादं माप सांगावं तसं बोलले, म्हणून जास्त लागलं. मी माफी मागितली. त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली आणि विषय बदलावा म्हणून विचारलं, की दुर्बीण पहिल्यांदा बघणार तो तारा किती लांब आहे.

मी सांगितलं, उजेडाला तिथून इथे यायला चाळीस वर्षं लागतात. दुर्बीण वर जायला अजून पाच वर्षं आहेत. म्हणजे पहिल्या दिवशी जो उजेड तिच्यात पडायचाय, तो पस्तीस वर्षांपूर्वीच तिथून निघालाय. त्या ग्रहाच्या हवेतून तेव्हाच गाळून झालाय. मी नोकरीला लागले तेच ते वर्ष. तेव्हापासून मी मोपेडवर टिळक रस्त्याने येत-जात होते, दुर्बिणीचा विचारही कोणाच्या डोक्यात नव्हता, आणि तो चालतच होता. वाटेत कुठेही न थांबता. इतक्या वर्षांत मी हे गणित शंभर वेळा केलं असेल, पण मोठ्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

कोंढऱ्यांनी खिडकीतून समोरच्या बारा मजली इमारतीकडे एकदा पाहिलं, जिथे पूर्वी त्यांचा गोठा होता. मग उठले, दोऱ्याचं रीळ आणि चष्मा पिशवीत टाकला आणि वर्कशॉपला निघायच्या तयारीत चपला पायात घातल्या.

“म्हंजी ते येळेवर निघालंय,” ते म्हणाले. “आता उशीर झाला तर आपलाच.”